परक्या भूमीवर जिंकलेली लढाई: जल्लोष करावा का?

सुकाणू यांचा प्रश्न:

वाद असा आहे. सैन्य सीमेपार गेलं, लढलं, जिंकलं. एका मित्राचं म्हणणं, या विजयाचं कौतुक रस्त्यावर उतरूनच व्हायला हवं, नाहीतर लढणाऱ्याला वाटेल की आपल्या जिवाची कुणाला किंमत नाही. दुसरा म्हणतो, तिकडे घरंच्या घरं बसली आहेत, ढोल कसले बडवता? दहा मिनिटांत पहिला 'तुला देशाचं काही नाही' वर येतो आणि दुसरा 'तुला माणसाचं काही नाही' वर. त्यापुढे गाडी सरकत नाही.

दोघांपैकी कोण बरोबर, हा निवाडा नको आहे. असे विजय आजवर साजरे झाले तेव्हा नेमकं काय बिनसलं, का बिनसलं, आणि हा वाद घालायचाच तर आधी कोणता प्रश्न हातात घ्यावा, हे जाणकारांकडून हवं आहे. तारखा आणि आकडे असतील तर जरूर द्या.

मोडीवाचक:

आधी तारखा विचारा. लढाई संपली कधी, आणि जल्लोष झाला कधी? निम्मा वाद इथेच निकाली निघतो.

दक्षिण आफ्रिकेतलं मॅफेकिंग घ्या. बोअरांनी, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतकऱ्यांनी, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या या गावाला २१७ दिवस वेढा घातला होता. १७ मे १९०० ला तो उठला आणि १८ तारखेच्या रात्री बातमी लंडनला पोहोचली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यांवर इतका धिंगाणा झाला की बेभान जल्लोषासाठी इंग्रजीत त्या गावाच्या नावावरून क्रियापदच तयार झालं. जूनच्या सुरुवातीला बोअरांची राजधानी प्रिटोरिया पडली, तेव्हा तर सगळ्यांनी युद्ध संपलंच असं धरलं. तह झाला ३१ मे १९०२ ला. मधली दोन वर्षं बोअर गनिमी काव्यानं लढले. त्यांची रसद तोडायला ब्रिटिशांनी शेतवाड्या जाळल्या आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडलं. गोवर, आमांश, विषमज्वर आणि अपुरं अन्न यांनी त्या छावण्यांत २६,००० हून अधिक बोअर बायकामुलं दगावली. कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथेही हजारो माणसं गेली, आणि त्यांची नोंद तर धड ठेवलीही नाही. नाचून झालं तेव्हा युद्धाचा सर्वांत काळा भाग अजून यायचा होता.

दुसरं उदाहरण जवळचं आहे. ९ एप्रिल २००३ ला बगदाद पडलं. १ मे रोजी जॉर्ज बुश यांनी 'अब्राहम लिंकन' या विमानवाहू नौकेवरून मोठी लढाई संपल्याचं जाहीर केलं. मागे 'मोहीम फत्ते' अशा अर्थाचा फलक होता. तोवर इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या दीडशेच्या आत होती. शेवटी ती ४,४०० च्या वर गेली, आणि इराकी मृतांची संख्या तर लाखाच्या पुढे. चूक कुठे झाली? राजधानी पडणं आणि प्रतिकार संपणं या दोन गोष्टी एकच धरल्या. त्यात २३ मे २००३ च्या हुकुमानं इराकी सैन्यच बरखास्त केलं. लाखो शस्त्र चालवणारे हात एका फटक्यात बेकार झाले.

म्हणून मित्राला विचारायचं ते असं: समोरच्या बाजूनं सही कुणी केली? त्याचा हुकूम त्याच्या सगळ्या तुकड्या मानतात का? आणि जिंकलेल्या मुलखात उद्या पोलिसांचा पगार कोण देणार? या तीनपैकी एकाचंही उत्तर नसेल, तर लढाई अजून चालू आहे असंच समजा.

तोफखाना:

तारखांचं पटलं. पण तारखेची अट लावून जल्लोषवाल्याला गप्प करता येत नाही. फॉकलंडची उजळणी करू, कारण त्या एकाच युद्धात या वादाच्या सगळ्या बाजू भेटतात.

२ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनानं दक्षिण अटलांटिकमधली ही ब्रिटिश बेटं घेतली. २५ एप्रिलला ब्रिटिशांनी त्याच भागातलं साउथ जॉर्जिया बेट परत मिळवलं आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी पत्रकारांना या बातमीचा आनंद माना असं सुनावलं. त्यांचं हे वाक्य आज बहुतेक वेळा 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका ब्रिटिशांनी बुडवल्याच्या प्रसंगाला चिकटवलं जातं. ते चूक आहे. बेलग्रानो त्यानंतर आठवड्यानं, २ मे रोजी बुडाली आणि तिच्यावरचे ३२३ जण गेले. थॅचर बोलल्या तेव्हा त्या कारवाईत एकही ब्रिटिश सैनिक मेला नव्हता. वाद घालताना निदान हा घोटाळा टाळा. समोरच्याला ही तारीख माहीत असेल तर तुमचा पुढचा मुद्दा तो ऐकणारच नाही.

बेलग्रानोवर खरा उन्माद झाला तो छापील कागदावर. ४ मे च्या 'द सन' या ब्रिटिश वर्तमानपत्राच्या पहिल्या आवृत्तीत पानभर मथळा होता, सावज टिपल्यावर ओरडावं तसा. बुडालेल्यांचा अंदाज येऊ लागल्यावर पुढच्या आवृत्तीत तो बदलला गेला. आणि त्याच दिवशी 'शेफील्ड' या ब्रिटिश विनाशिकेवर क्षेपणास्त्र आदळून २० जण मेले. मथळा आणि त्याचं उत्तर यांत एक दिवसही गेला नाही. यातून मी एकच व्यवहार्य गोष्ट घेतो: मृतांचा पहिला आकडा येईपर्यंत तोंड आवरायचं. दोन्हीकडच्या मृतांचा.

१४ जूनला बेटांची राजधानी स्टॅन्ली इथे अर्जेंटिनाची शरणागती झाली. एकूण २५५ ब्रिटिश सैनिक, ६४९ अर्जेंटिनी आणि ३ बेटवासी गेले. पुढचं पाहण्यासारखं आहे. २६ जुलैला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली. कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, रॉबर्ट रन्सी यांनी तिथे अर्जेंटिनाच्या शोकग्रस्त घरांचीही आठवण काढली. सत्ताधारी पक्षातल्या काही खासदारांना ते झोंबलं. पण रन्सींना भित्रा कोण म्हणणार? दुसऱ्या महायुद्धात ते रणगाड्यावर लढले होते आणि त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं होतं. त्यानंतर १२ ऑक्टोबरला लंडनमध्ये सैनिकांची विजययात्रा निघाली. शोक एका दिवशी, स्वागत दुसऱ्या दिवशी, मध्ये अडीच महिने. मला ही रचना योग्य वाटते. दोन्ही एकाच तासात कोंबले की आई मुलाचा फोटो छातीशी धरून उभी असते आणि बाजूला बँड वाजत असतो.

पानगळ:

मी वादातल्या पहिल्या मित्राच्या बाजूनं बोलते. युद्ध करायचं की नाही, हे शिपाई ठरवत नाही. धोरणावरचा राग त्याच्यावर काढणं हा अन्याय आहे, आणि तो झालेला आहे. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव ३० एप्रिल १९७५ ला पडली. व्हिएतनाममधून परतलेल्यांसाठी न्यूयॉर्कनं मोठी स्वागतयात्रा काढली ती ७ मे १९८५ ला. दहा वर्षं! तोवर कितीतरी जणांनी आपण कुठे लढलो हे सांगणंच सोडून दिलं होतं.

ही सल अमेरिकेनं १९९१ मध्ये, इराकी सैन्याला कुवेतमधून हुसकावल्यावर, भरून काढली. ८ जूनला वॉशिंग्टनला रणगाडे रस्त्यावर, विमानं डोक्यावर, आणि दोन दिवसांनी न्यूयॉर्कला पुन्हा मिरवणूक. स्वागत म्हणून मला त्यात काही खटकत नाही. 'विजय' हा शब्द मात्र खटकतो, हे मी माझ्याच बाजूविरुद्ध सांगते. २८ फेब्रुवारीला युद्ध थांबलं. ३ मार्चला इराकमधल्या सफवानच्या तळावर अटी ठरल्या, तेव्हा इराकी सेनापतींनी हेलिकॉप्टर उडवायची परवानगी मागितली. पूल उडालेत, अधिकाऱ्यांना ये-जा करायला हवीत, असं कारण दिलं. अमेरिकी सेनापती श्वार्झकॉफ यांनी हो म्हटलं. तीच हेलिकॉप्टरं दक्षिणेत शिया आणि उत्तरेत कुर्द बंडखोरांवर सोडली गेली. लाखो कुर्द डोंगरात पळाले आणि ५ एप्रिलला सुरक्षा परिषदेला त्यावर ६८८ क्रमांकाचा ठराव करावा लागला. कुवेत मोकळं झालं होतं, हे खरंच. पण मिरवणूक निघाली तेव्हा बंडखोर चिरडले गेले होते.

तेव्हा मित्रांनो, फलकावर काय लिहिता ते आधी ठरवा. 'आमची माणसं परत आली' असं लिहा, त्याला कुणाचाही आक्षेप असायचं कारण नाही. 'आम्ही जिंकलो' लिहिणार असाल तर वर मोडीवाचक यांनी दिलेले तीन प्रश्न लागू होतात.

सुकाणू:

पानगळ, फलकाचा मुद्दा आवडला. पण मग तह झाल्यावर, सगळं रीतसर संपल्यावर केलेला सोहळा तरी बिनविरोध असतो का?

पानगळ:

नसतो. १९१९ पाहा.

पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला. म्हणजे ब्रिटननं घाई केली नाही. शस्त्रसंधीनंतर सात महिने थांबून, सही झाल्यावर १९ जुलै हा शांतता दिन ठरवला. तरीही त्या रात्री इंग्लंडमधल्या ल्यूटन शहराचा टाउन हॉल जळाला, आणि चिडलेल्या जमावात पुढे होते ते परत आलेले सैनिक. नगरपालिकेनं मेजवानी ठेवली होती, पण सामान्य माजी सैनिकांना तिथे जागा नव्हती. त्यांना गावच्या बागेत मेलेल्या सोबत्यांसाठी प्रार्थनासभा घ्यायची होती, तिला नकार मिळाला. बऱ्याच जणांना काम नव्हतं, निवृत्तिवेतन तुटपुंजं होतं. महापौर पायरीवर उभे राहून राजाचं घोषणापत्र वाचू लागले आणि जमावाचा तोल गेला. सोहळ्याचा खर्च, पाहुण्यांची यादी आणि शोकाला दिलेली जागा, या तिन्ही गोष्टी चुकल्या. विजय खोटा नव्हता, तारीखही बरोबर होती.

त्याच दिवशी लंडनमध्ये सुमारे १५,००० सैनिकांचं संचलन झालं. त्यासाठी वास्तुरचनाकार एडविन लट्यन्स यांनी व्हाइटहॉलमध्ये लाकूड आणि प्लास्टरचा एक तात्पुरता स्तंभ उभारला होता. नाव सेनोटाफ, म्हणजे रिकामी कबर. संचलन करणाऱ्यांनी तिला सलामी द्यायची, एवढंच तिचं काम होतं, नंतर ती काढून टाकायची होती. पण लोकांनी फुलं आणून ठेवायला सुरुवात केली. ढीग वाढत गेला, कुणाला ती हलवू द्यायची नव्हती. अखेर पोर्टलँड दगडात तीच आकृती कायमची बांधली आणि ११ नोव्हेंबर १९२० ला तिचं अनावरण झालं. संचलन आज कुणाला आठवत नाही, पण तो स्तंभ उभा आहे.

पॅरिसनं पाच दिवस आधी, १४ जुलैला, आणखी नेमकं केलं. विजययात्रेत जॉफ्र आणि फॉश या फ्रेंच मार्शलांच्याही पुढे सुमारे हजार जायबंदी सैनिक होते. कुबड्यांवर, चाकांच्या खुर्च्यांवर, काही आंधळे दुसऱ्याचा हात धरून. गर्दीला आधी किंमत दिसली, मग घोड्यावरचे सेनापती दिसले. क्रम बदलला की सोहळ्याचा अर्थ बदलतो.

शिलालेख:

रोमन लोकांनी तर याचे नियमच केले होते. सेनापतीनं शहराच्या पवित्र हद्दीबाहेर थांबायचं. आत पाऊल टाकलं की त्याचा लष्करी अधिकार संपे आणि विजययात्रेचा हक्कही जाई. सिनेट बाहेरच्या देवळात बसून चर्चा करी. ल्युकलस हा सेनापती इसवी सनपूर्व ६६ मध्ये परतला आणि त्याची विजययात्रा ६३ मध्ये निघाली.

व्हॅलेरियस मॅक्सिमस या रोमन लेखकानं एक अट नोंदवली आहे: एकाच लढाईत निदान ५,००० शत्रू मेलेले हवेत. परिणाम काय झाला असेल? सेनापती आकडे फुगवू लागले. मग इसवी सनपूर्व ६२ मध्ये मॅरियस आणि केटो या ट्रिब्यूननी, म्हणजे जनतेनं निवडलेल्या अधिकाऱ्यांनी, कायदा केला, की शत्रूचे मेलेले वाढवून किंवा आपले मेलेले कमी करून लिहिले तर शिक्षा, आणि शहरात येताच आकड्यांची शपथ घ्यायची. मृतांच्या संख्येवर सन्मान टांगला की संख्या खोटी होते, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

दुसरा नियम होता, नागरी युद्धातल्या, म्हणजे रोमनांनी रोमनांवर मिळवलेल्या, विजयाचा सोहळा नाही. सीझरनं इसवी सनपूर्व ४६ मध्ये तो वळसा घालून मोडला. आफ्रिकेतला विजय राजा ज्युबावरचा म्हणून दाखवला, पण मिरवणुकीतल्या चित्रांत त्याचे रोमन विरोधकच होते, हाच केटो स्वतःचं पोट फाडताना आणि स्किपिओ स्वतःच्या छातीत शस्त्र खुपसताना. लोक भीत होते, तरीही हुंदके फुटले, असं इतिहासकार अपियन लिहितो. याच विजयसोहळ्यांत इजिप्तच्या दरबारातल्या पोथायनसच्या मरणाच्या चित्रावर मात्र त्यांनी टाळ्या दिल्या. तीच गर्दी, तीच चित्रं. मेलेला ओळखीचा आहे की परका, एवढाच फरक. दुसऱ्या मित्राचा मुद्दा यापेक्षा नेमका मांडता येईल असं मला वाटत नाही.

मोडीवाचक:

एक कायदेशीर बाब राहिली. युद्धकैद्यांना मिरवणुकीत फिरवणं आज बेकायदा आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं १३ वं कलम कैद्यांना अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देतं. डोळे बांधलेल्या कैद्याचा व्हिडिओ मोबाइलवरच्या गटात पुढे पाठवणं हेही त्याच भावनेच्या विरुद्ध आहे, हे जल्लोष करणाऱ्या मित्राला जरूर सांगा. तो मिरवणूक काढणार नसला तरी व्हिडिओ नक्की पाठवेल.

सुकाणू:

आणि १९७१? तीही सीमेपारचीच लढाई. तिथे तर ढाक्याच्या रस्त्यावर तिथलेच लोक नाचत होते.

तोफखाना:

म्हणूनच ती वेगळी आहे. जिंकलेल्या मुलखातले लोक स्वतः आनंदात असतील तर दुसऱ्या मित्राचा आक्षेप बराचसा सैल होतो. त्यात १६ डिसेंबरला ढाक्यात सही झाली आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिम आघाडीवरही युद्ध थांबलं, म्हणजे तारखेची अटही पुरी झाली.

पण शरणागतीचा मसुदा एकदा नीट वाचा. लहानसा आहे. शरण येणाऱ्या सैनिकांना जिनिव्हा करारानुसार सन्मानानं वागवू, असं त्यात लिहिलं आहे. कैद्यांचा आकडा ९३,००० च्या आसपास सांगतात. परकीय नागरिक, वांशिक अल्पसंख्याक आणि पश्चिम पाकिस्तानी वंशाचे लोक यांना भारताचे जनरल अरोरा यांच्या हाताखालचं सैन्य संरक्षण देईल, असंही लिहिलं आहे. लिहिणाऱ्यांना माहीत होतं की रस्त्यावर आनंद आहे आणि त्याच रस्त्यावर सूडही आहे. पाकिस्तानचे पाठीराखे मानल्या गेलेल्या उर्दूभाषक बिहारी मुसलमानांवर हल्ले झालेच. ढाक्यातली गर्दी पाहून आपण टाळ्या वाजवत होतो, तेव्हा भारतीय जवानांना वस्त्यांभोवती पहारे द्यावे लागत होते.