चर्चा: गर्दवाल्यांसाठीचं इंजेक्शन गणेश मंडळाच्या कपाटात ठेवावं का?

चौथी सीट
गेल्या महिन्यात सकाळी आमच्या स्टेशनच्या स्कायवॉकवर एक पोरगा आडवा पडला होता. उताणा, तोंड उघडं, घशातून खर्रर्र आवाज. उशाशी पन्नी आणि काडेपेटी. लोक त्याला ओलांडून लोकल पकडत होते, त्यात मीही. ‘गर्दुल्ला आहे, टाकून झोपलाय.’ संध्याकाळी खालच्या चहावाल्याने सांगितलं, दुपारी उचलला, तेव्हा गार झाला होता.

ओळखीच्या एक नर्सताई म्हणाल्या, ते घोरणं नव्हतंच. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, जास्त झालं की मेंदू श्वास घ्यायचंच विसरतो. ओठ निळे पडतात, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, आणि तसा आवाज येतो. माणूस लगेच जात नाही, बऱ्याचदा हातात वेळ असतो. म्हणजे मी ओलांडलं तेव्हा तो जिवंत होता.

यावर नालोक्सोन नावाचा उतारा आहे. ज्यांच्यासमोर असा प्रसंग घडू शकतो त्या साध्या माणसांच्याही हाती तो असावा आणि त्यांना तो वापरायला शिकवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. माझं म्हणणं असं: मंडळ, रिक्षा स्टँड, केमिस्ट आणि गर्दवाल्यांमध्ये काम करणारी एखादी संस्था यांनी मिळून वॉर्डात हे करावं. औषध मंडळाच्या कपाटात, शिकवणी मंडळाच्या हॉलमध्ये. आपण रक्तदान शिबिरं घेतोच की.

सचिव, बी विंग
साहेब, तुमचं मन मोठं आहे, पण आमच्या बागेत घसरगुंडीखाली सुई सापडली तेव्हा ती उचलायला मी गेलो होतो. आधी इंजेक्शन ठेवा, मग सुया वाटा, मग म्हणाल बसायला खोली द्या. परदेशात तशा खोल्या आहेतच, व्हॅन्कूव्हरमध्ये २००३ पासून. उद्या दारुड्याला चकणाही सोसायटीने पुरवायचा का? आपल्याला वाचवणारा कोपऱ्यावर बसलाय म्हटल्यावर पोरं एक पुडी जास्तच ओढतील. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायचा प्रकार आहे हा.

विंडो सीट
सचिवांना +१. माझा मोबाईल याच लोकांनी मारला होता.

रात्रपाळी
कॅज्युअल्टीत नऊ वर्षं काढली, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

सचिवसाहेब, वाचणार म्हणून कोणी जास्त ओढत नाही. नालोक्सोन दिलं की नशा खाड्कन उतरते आणि माणूस टर्कीत, म्हणजे नशा तुटल्याच्या त्रासात, जागा होतो: उलट्या, थरथर, शिव्या. वाचवल्याबद्दल मला मारायला धावलेले पेशंट पाहिलेत मी. ती मजा कोणी मुद्दाम ओढवून घेत नाही.

आता चौथी सीट. नालोक्सोन फक्त अफूच्या घराण्यावर चालतं: गर्द, मॉर्फीन, ट्रॅमाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध. आज मुंबई-पुण्यात गाजतंय ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. २०१५ मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात आलं, पण बाजारातून गेलं नाही. ते उत्तेजक आहे. तिथे अंग तापतं, छाती धडधडते, झटके येतात, आणि नालोक्सोनचा उपयोग शून्य. ‘बटण’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांवरही नाही. कपाटात एकच औषध ठेवून वॉर्ड सुरक्षित झाला असं समजू नका.

दुसरं, त्याचा असर तासा-दीड तासात ओसरतो, गर्दचा त्याहून टिकू शकतो. उठून बसलेला माणूस पुन्हा झोपेत जाऊन श्वास सोडू शकतो. कार्यकर्त्याने इंजेक्शन दिलं, फोटो काढला, व्हॉट्सॲपला टाकला आणि घरी गेला, तर? १०८ ला फोन आणि तोंडाने श्वास देणं आधी शिकवा. हातात औषध नसलं तरी श्वासावर माणूस तगतो.

केमिस्ट, कुर्ला
नालोक्सोनची अँप्युल चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मंडळाच्या नावाने चिठ्ठी कोण डॉक्टर देणार? आणि मंडळाच्या पोराने सुई टोचून काही झालं तर परवाना माझा जाईल. माझी सहानुभूती आहे, पण कागद आधी करा.

चौथी सीट
केमिस्टभाऊ, मान्य. म्हणूनच संस्था हवी म्हटलं, जिच्याकडे डॉक्टर आहे. औषध त्यांच्या नावावर, त्यांच्या हिशेबात. एमडीबद्दल मला माहीत नव्हतं, डॉक्टर, तेवढं मागे घेतो.

आजचा दिवस
चौदा वर्षं झाली क्लीन. त्याआधी अकरा वर्षं ओढत होतो, शेवटची तीन टोचत होतो. म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या टोळीत सात जण होतो, चार गेले. चौघांतले तिघे कधी गेले माहितीये? सर्वांत जास्त घ्यायचे तेव्हा नाही. एक आर्थर रोडहून सुटून आला त्या आठवड्यात. दोघे व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर. त्यातला एक, त्याला बंड्या म्हणू, तीन महिने आत राहून अंगाने भरला होता. आईने शिरा केला होता. रात्री जुन्या मित्राकडे गेला आणि पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं. तीन महिन्यांत शरीर सवय विसरलेलं असतं, हे त्याला केंद्रात कोणी सांगितलं नव्हतं. तिथे भजन, योगा, शपथ सगळं होतं. ‘घसरलास तर जुन्या मापाने घेऊ नकोस’ हे वाक्य नव्हतं, कारण ते म्हणजे म्हणे परवानगी दिल्यासारखं होतं. मी बाजूला होतो. आम्ही त्याच्या तोंडावर पाणी मारलं, थपडा मारल्या, मिठाचं पाणी पाजायचा प्रयत्न केला. सगळं चूक. १०८ ला फोन केला नाही, कारण पोलीस येतील. पहाटे त्याला जिन्यात ठेवून पळालो. एवढंच सांगतो.

पोलिसांची भीती खोटी नाही. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे, कलम १३४अ. ओव्हरडोसमधल्याला नेणाऱ्यासाठी तसं काही नाही, आणि हॉस्पिटलात ती मेडिकोलीगल केस होते, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं. एनडीपीएसचं कलम ६४अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून वाचवतं, पण जिन्यात उभ्या असलेल्या मित्राला नाही. तेव्हा मंडळाने औषधाआधी स्थानिक पोलीस ठाण्याशी बोलावं. ‘फोन करणाऱ्याला नडणार नाही’ एवढं साहेबांनी मुलांसमोर तोंडी म्हटलं तरी फरक पडेल.

सचिवकाका, तुमच्या सुईबद्दल. मुंबईत संकल्पसारख्या संस्था कित्येक वर्षं रस्त्यावर हे काम करतात. नवी सुई देतात तेव्हा वापरलेली परत मागतात, डब्यात बंद करतात. मी स्वतः नेऊन दिल्यात. घसरगुंडीखाली सुई पडते ती जिथे हे काम पोहोचत नाही तिथे. आणि ‘नाको’ या सरकारी एड्स नियंत्रण संस्थेच्या २०१७च्या पाहणीत टोचणाऱ्यांमध्ये एचआयव्ही ६ टक्क्यांच्या वर होता, बाकी प्रौढांत पाव टक्काही नाही. माझ्या सातांतला चौथा त्यानेच गेला.

एका मुलाची आई
मी शक्यतो लिहीत नाही. माझा मुलगा गर्दवर होता, आता तीन वर्षं सरकारी केंद्रातून गर्दऐवजी जिभेखाली ठेवायची गोळी घेतो. सगळे म्हणतात सुधारला. मला विचारा. रोज सकाळी केंद्रावर जायचं, समोर गोळी विरघळवायची, मग कामाला. दोन नोकऱ्या याच उशिरापायी गेल्या. एक सोडवायला दुसरी लावली, एवढंच झालं. नशा सुटली नाही तरी जीव वाचवा, या तुमच्या म्हणण्याला ‘हानी कमी करणं’ म्हणतात; म्हणजे सुटका होणारच नाही हे आधीच मान्य करणं. पुलं-सुनीताबाईंच्या देणगीतून १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, ते मुक्तीच्या नावाने राहिलं. ते नाव मला अजून हवं आहे.

आजचा दिवस
ताई, पाया पडतो. मीही गोळीशिवाय सुटलो, मुक्तीच हवी होती मला. पण बंड्याला मुक्तीसाठी जेवढे दिवस लागले असते तेवढे मिळाले नाहीत. तुमचा मुलगा रोज रांगेत उभा राहतो, म्हणजे रोज संध्याकाळी घरी येतो ना? वेळेचं मात्र खरंच भांडण आहे. सांभाळून घेणाऱ्यांना काही दिवसांच्या गोळ्या घरी देता येतात, केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. नाही म्हणाले तरी पुन्हा विचारा.

एका मुलाची आई
येतो. साडेसातला. विचारते.

विंडो सीट
पोर्तुगालचं कोणी बोललं नाही अजून?

रात्रपाळी
२००१ मध्ये त्यांनी स्वतःपुरता माल बाळगणं हा फौजदारी गुन्हा ठेवला नाही, सोबत उपचारांवर पैसा ओतला. लोकांना पहिलं वाक्य आठवतं, दुसरं नाही. आणि अख्खा देश एक कोटीचा, मुंबईहून लहान. आपण आपल्या स्कायवॉकवरच राहू या.

सचिव, बी विंग
सुया वाटायला माझा विरोध राहणार, जनरल बॉडीतही तेच बोलणार. कपाटातल्या औषधालाही विरोधच. पण आमचा वॉचमन रात्री गेटवर एकटा असतो, आणि बाहेरच्या कट्ट्यावर कोण ना कोण पडलेलं असतं. कुशीवर कसं वळवायचं, श्वास कसा बघायचा, एवढं त्याला शिकवायला कोणी येईल का? सोसायटी पैसे देणार नाही.

रात्रपाळी
रविवारी मोकळा आहे. अकरा वाजता येतो. वॉचमनबरोबर तुम्हीही बसा.

चौथी सीट
चहा तरी देणार ना सोसायटी?

सचिव, बी विंग
चहा देऊ.