मदत हवी आहे: नववीच्या मुलांना कारखान्याच्या कामासाठी तयार करायचंय, मशीन नाही

खानापूरचा मास्तर: नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या हायस्कूलसाठी विचारतोय. नववीची ३० मुलं, दर शनिवारी दोन तास, वर्षात साधारण २५ वर्ग मिळतील. बरीच मुलं एसएसएलसीनंतर (म्हणजे दहावीनंतर) आयटीआयला किंवा बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या कारखान्यांच्या भागात कामाला जातात. शाळेत लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) नाही, आणण्याचा विचारही नाही. एका जाड लाकडी टेबलावर चार-पाच शेगडे (तुकडा घट्ट पकडणारे बेंच व्हाइस) बसतील एवढीच सोय आहे. काय शिकवलं तर पहिल्या महिन्यात मुलं बुजणार नाहीत? भाषेचंही सांगा. ड्रॉइंग इंग्रजीत, सुपरवायझर बहुतेकदा कन्नड.

गेजवाला: सर, लेथ नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. निम्मे वर्ग मोजमापालाच द्या. १५० मिमीचे, ०.०२ मिमी अल्पिष्ट मापाचे (म्हणजे तेवढा बारीक फरक दाखवणारे) सहा व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्याच्या मोजपट्ट्या, घ्या, म्हणजे पाच मुलांमागे एक. ०–२५ मिमीचे दोन मायक्रोमीटर पुरेत. जवळच्या टर्निंगवाल्याकडून बाद झालेले २० पिन (छोटे गोल लोखंडी तुकडे) मागून आणा, बर (कडेची धारदार कूस) काढा, पुसा, प्रत्येकावर नंबर टाका.

वाचन असं शिकवा: मुख्य पट्टीवर शून्याच्या डावीकडे २४, व्हर्नियरची १७वी रेघ जुळते, तर २४ + १७ × ०.०२ = २४.३४. जबडे मिटून +०.०४ दिसत असेल तर ते वजा करायचं, म्हणजे खरं माप २४.३०. मुलं तीन ठिकाणी चुकतात. मुख्य पट्टी जबड्याच्या कडेपाशी वाचतात, शून्यापाशी नाही. पिन तिरका धरतात, मग माप जास्त येतं. आणि जबडा दाबतात, मग कमी येतं. प्रत्येक पिन तीन जागी मोजून वहीत लिहायला लावा. दोन मुलांच्या मापात ०.०४ पेक्षा जास्त फरक आला तर दोघांनी मिळून पुन्हा मोजायचं.

मग टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक. २० ± ०.०५ म्हणजे १९.९५ ते २०.०५. शाफ्ट (गोल दांडा) २०.०८ आला तर अजून कापता येतो, १९.९० आला तर भंगार. भोकाचं नेमकं उलट: लहान राहिलं तर वाढवता येतं, मोठं झालं तर गेलं. हे डोक्यात बसलेला मुलगा मशीनवर आपोआप जपून कापतो.

कानस: गेजवाल्यांशी सहमत, पण हाताला लोखंड लागलंच पाहिजे. १० मिमी जाड एमएस फ्लॅटचा (साध्या पोलादी पट्टीचा) ५२ × ५२ तुकडा द्या, कानसून ५० × ५० करायचा, गुण्या लावून चारही कोपरे काटकोनात. एका मुलाला चार वर्ग सहज लागतात. नेहमीचा दोष म्हणजे कड मध्ये फुगते आणि टोकं झिजतात. हात झुलतात म्हणून. सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, शेवटी मागच्या हाताचा, आणि परत येताना कानस दाबायची नाही. शेगड्याचा माथा कोपराच्या उंचीला हवा. बुटक्या मुलांच्या पायाखाली फळी द्या. मूठ नसलेली कानस वर्गात ठेवूच नका, टोक तळहातात घुसतं.

हॅकसॉचे दात पुढे. पातळ पत्र्याला एका वेळी किमान तीन दात टेकले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात. म्हणून तिथे इंचाला ३२ दातांचं पातं.

खानापूरचा मास्तर: आटे पाडायला शिकवू का? टॅप (भोकात आटे पाडायचं अवजार) मोडायची भीती वाटते.

कानस: शिकवा. एम८ ला, म्हणजे ८ मिमीच्या आट्याला, ६.८ मिमीचं भोक. या आट्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५, म्हणून ८ मधून तो वजा केला की जवळपास तेवढंच येतं. टॅप मोडतो तो भोक लहान, टॅप तिरका किंवा तेल नाही म्हणून. दोन वेढ्यांनंतर गुण्या लावून बघायचं, मग अर्धा वेढा पुढे, पाव मागे, चिप तुटू द्यायची. भोक मात्र तुम्ही पाडून द्या, ड्रिलवर मुलं नकोत.

दुभाषी: भाषेसाठी वेगळा तास नको. प्रत्येक अवजाराला तीन नावं भिंतीवर लिहा: मराठी, इंग्रजी, कन्नड. हातोडी, हॅमर, सुत्तिगे; भोक, होल, तूतु; माप, मेजरमेंट, अळते. आधी दोन शब्द पाठ करून घ्या: ‘निल्लिसु’ म्हणजे थांबव, ‘मुट्टबेडा’ म्हणजे हात लावू नको. मशीनजवळ याचा अर्थ लावत बसायला वेळ नसतो.

गेजवाला: पालकांना हेही सांगा: फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे आयटीआयचे ट्रेड दोन वर्षांचे. बेळगावच्या जीटीटीसीत (सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्रात) टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष कारखान्यात.

खानापूरचा मास्तर: डिजिटल व्हर्नियर घेतले तर? वाचायला सोपे जातील.

गेजवाला: पहिल्या वर्षी नको. मुलगा आकडा वाचतो, पट्टी वाचत नाही. बॅटरी उतरली किंवा चुकून शून्याचं बटण दाबलं गेलं तर चूक त्याच्या लक्षातही येत नाही. साधे सहा घ्या, आणि दर शनिवारी मुलांकडूनच पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा.