'नियमन' की 'नियंत्रण'?

कोरांटी: पेशीविज्ञानावरचा एक लेख मराठीत करतेय. 'पेशीच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेटच्या साखळ्या वाढघटकांच्या संदेशांचं नियमन करतात' असं लिहिलं होतं. (हेपरान सल्फेट म्हणजे सल्फेट जोडलेल्या शर्करेच्या लांब साखळ्या; वाढघटक म्हणजे ग्रोथ फॅक्टर, पेशींना वाढीबाबत संदेश देणारं प्रथिन.) संपादकांनी खोडून 'नियंत्रण' केलं. म्हणे, वाचकाला तेच कळतं. मला फरक जाणवतोय, पण मांडता येत नाहीये.

शिळोप्याचा: संपादक बरोबर आहेत. वाहतूक नियंत्रण, तापमान नियंत्रण, सगळीकडे हाच शब्द. नियमन फक्त सरकारी कागदांत भेटतं.

सूक्ष्मदर्शी: अजिबात नाही. एफजीएफ-२ हा वाढघटक घ्या. तो एकटा आपल्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, नीट धरत नाही. हेपरान सल्फेटची साखळी दोघांनाही पकडते तेव्हा ती जोडी टिकते, ग्राही जोडीजोडीने जवळ येतात आणि आत संदेश जातो. आता गंमत अशी की पकड कशी बसणार हे साखळीवर सल्फेट कुठेकुठे आहेत त्यावर ठरतं. पेशीबाहेर 'सल्फ' नावाची विकरं असतात, ती ग्लुकोसामिनच्या सहाव्या कार्बनवरचे सल्फेट काढून टाकतात. मग एफजीएफचा संदेश मंदावतो, पण विंट या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनाचा उलट वाढतो, कारण विंट साखळीच्या तावडीतून सुटतं. एकाच कृतीने एकाला लगाम, दुसऱ्याला मोकळीक! आणि याच साखळ्या, ज्या प्रथिनाला जोडलेल्या असतात त्याच्यासकट, पेशीवरून तुटल्या, तर वाढघटकाला बाहेरच अडकवून ठेवू शकतात. नियंत्रण म्हटलं की कुणीतरी वर बसून हुकूम सोडतंय असं वाटतं. इथे तसं कुणीच नाही.

शिळोप्याचा: 'विकर' शाळेबाहेर कोण म्हणतं हो? एन्झाइम म्हणा की.

सूक्ष्मदर्शी: मी म्हणतो.

पाणिनीचा_शेजारी: नियमन 'यम्' धातूवरून, आणि नियंत्रणातलं 'यंत्र'सुद्धा 'यम्'वरूनच. दोन्हींत आवरणं, रोखणं. त्यामुळे व्युत्पत्ती तुम्हाला वाचवणार नाही, रूढीच ठरवणार. मला मात्र 'साखळी' आवडली. साखर आणि साखळी एकाच मुळाची, म्हणून शर्करासाखळी शोभतेच.

मृणाल_क: काहीही! साखर शर्करेवरून, साखळी शृंखलेवरून. आणि शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. आयुर्वेदात लघवीतल्या बारीक खड्यांनाही शर्करा म्हणतात.

पाणिनीचा_शेजारी: प्राकृतात दोन्ही किती जवळ येतात ते बघा, मग बोलू.

मृणाल_क: जवळ येणं म्हणजे सोयरीक नव्हे.

कोरांटी: मंडळी, माझं वाक्य?

देवदत्त_७: वाक्याआधी 'वाढघटक' बघा. घटक म्हणजे ज्याचा तो भाग असतो ते. पाणी हा रक्ताचा घटक. हा पदार्थ वाढीचा भाग थोडाच आहे? गणितात 'फॅक्टर'ला आपण 'अवयव' म्हणतो, पण जीवशास्त्रात 'वृद्धी-अवयव' लिहिलं तर वाचक भलतंच काही समजेल. सरळ 'वर्धक' म्हणा.

सूक्ष्मदर्शी: आणि टीजीएफ-बीटा या वाढघटकाचं काय करणार? नावात 'ग्रोथ' आहे, पण अस्तराच्या पेशींची वाढ बहुधा रोखतो. त्याला वर्धक म्हणाल?

देवदत्त_७: मग 'वाढघटक' तरी कसं चालतं? आक्षेप दोन्हींना सारखाच.

शिळोप्याचा: म्हणून म्हणतो, ग्रोथ फॅक्टर. लोकांना कळतं.

देवदत्त_७: कुठल्या लोकांना?