ब्रेनस्टॉर्मिंग वर्कशॉप घ्यायचंय, पण दोघं-तिघंच बोलतात. काय करू?

खटपट्या:
मंडळी, ऑफिसात एक काम गळ्यात पडलंय. अर्ध्या दिवसाचं वर्कशॉप, सेल्स, सपोर्ट, अकाउंट्स मिळून बाराएक जण आणि विषय काय तर 'बिझनेस ग्रोथसाठी आयडिया'. मागच्या वेळी दुसऱ्या कोणीतरी घेतलं होतं, त्यात साहेबांनीच नारळ फोडला आणि पुढचा सगळा वेळ लोक त्यांच्याच आयडियेची री ओढत बसले, शेवटी बोर्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, तो अजून तिथेच पडलाय. सपोर्टवाले तर तोंडच उघडत नाहीत, आणि कस्टमर रोज कशावरून बोंबलतो हे माहीत असतं फक्त त्यांनाच. सुरुवातीला लोकांना मोकळं करणारा एखादा खेळ, म्हणजे भारी आइसब्रेकर वगैरे असेल तर सांगा.

मधली_सुट्टी:
आइसब्रेकर सोडा हो, आधी लोकांना गप्प बसवा आणि लिहायला लावा. ब्रेनरायटिंग म्हणतात त्याला, बर्न्ड रोरबाख नावाच्या जर्मन माणसाने 1968 मध्ये काढलेली पद्धत. टेबलावर 6 जण, प्रत्येकाने 5 मिनिटांत 3 आयडिया लिहायच्या, कागद शेजारच्याकडे सरकवायचा, त्याने त्या वाचून पुढे आणखी 3 लिहायच्या. अर्ध्या तासात एका टेबलावर 108 होतात. निम्म्या रिपीट किंवा फालतू निघणार, निघू देत. तुमची दोन टेबलं होतील, साहेबांना सपोर्टवाल्यांच्या टेबलावर बसवू नका म्हणजे झालं.

ब्रेनस्टॉर्मिंग रूढ केलं ते ऑस्बर्न नावाच्या जाहिरातवाल्याने, त्याचं म्हणणं सगळ्यांनी मिळून बोललं की जास्त सुचतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1958 साली हे तपासलं तर एकेकटे बसवलेल्या चौघांच्या आयडिया एकत्र केल्या तर त्या गटात बसलेल्या चौघांपेक्षा जास्त भरल्या. उघड आहे, एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं, आणि नंबर येईपर्यंत डोक्यातलं निम्मं उडून जातं.

उंटावरचा_शहाणा:
पद्धत कुठलीही घ्या, 'ग्रोथसाठी आयडिया' हा काय प्रश्न आहे का? असं विचारलं की 'सोशल मीडियावर जोर द्या' हेच येणार. ॲन्सॉफ नावाच्या मॅनेजमेंटच्या अभ्यासकाने 1957 मध्ये धंदा वाढवायच्या चार वाटा मांडल्यात त्या बघा: आहे तो माल आहे त्याच गिऱ्हाइकाला जास्त विकणं, तोच माल नव्या गिऱ्हाइकाला, जुन्या गिऱ्हाइकाला नवीन माल आणि दोन्ही नवीन, ज्यात रिस्क सगळ्यात जास्त. साहेबांकडून यातली एक वाट आधीच ठरवून घ्या आणि मग नेमकं विचारा, उदा. 'एकदा ऑर्डर दिलेला कस्टमर परत का येत नाही?'

आणि सपोर्टवाल्यांना बोलतं करायचं असेल तर प्रश्न उलटा टाका, 'आहेत ते कस्टमर पळवून लावायचे असतील तर काय काय करावं?' कोणीतरी लिहितं 'फोन चार जणांकडे ट्रान्सफर करायचा', सगळे हसतात, आणि मग हळूच कोणीतरी म्हणतं, अरे हे तर आपण आत्ताही करतोय. तिथून खरं काम सुरू होतं.

खटपट्या:
उलटा प्रश्न आवडला, करून बघतोच. पण साहेबांना बाहेरच ठेवू का? आणि कोणी काय लिहिलं ते अक्षरावरून कळतं हो आमच्यात, सगळे एकमेकांना ओळखून आहेत.

मधली_सुट्टी:
सगळ्यांना एकाच रंगाचे जाड मार्कर द्या, अक्षर चटकन ओळखू येत नाही आणि चार-पाच शब्दांच्या वर कोणाला पाल्हाळही लावता येत नाही.

रविवारची_झोप:
साहेबांना बाहेर अजिबात ठेवू नका, नंतर 'मला विचारलं नाही' म्हणून सगळंच बारगळेल. फक्त मत शेवटी द्यायला सांगा. निवडताना प्रत्येकाला तीन टिकल्या, आवडेल त्या आयडियेवर चिकटवायच्या, आणि साहेबांच्या टिकल्या बाकी सगळ्यांच्या लावून झाल्यावर. हे आदल्या दिवशीच त्यांच्या कानावर घाला, सगळ्यांसमोर सांगितलं तर वाईट दिसतं. दोन-तीनच आयडिया घ्या, प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख टाका, 'टीम बघेल' असं लिहू नका. त्या माणसाच्या रोजच्या कामातून तेवढा वेळ मोकळा करून देणार का, हेही साहेबांना आधीच विचारा, नाही म्हणाले तर वर्कशॉप पुढे ढकला.

खटपट्या:
उद्याच गाठतो त्यांना.