मुलांचे थ्रीडी चित्रपट: नेमकं कुठे बिघडतंय?

केस, पाणी, कापड आता हुबेहूब दिसतं, तरी पात्रं निर्जीव वाटतात. १९९५च्या ‘टॉय स्टोरी’तली माणसं आज ओबडधोबड दिसतात, पण खेळण्यांच्या हालचालीत ढिलाई नाही. या क्षेत्रातल्यांनी आपापल्या टप्प्यावर काय बिघडतं ते नेमकं लिहावं. ‘दर्जा घसरलाय’ एवढंच नको.

ॲनिमेशन
सेकंदाला २४ फ्रेम. मोठ्या बजेटच्या चित्रपटात एका ॲनिमेटरकडून आठवड्याला जेमतेम ३-४ सेकंदांचं काम निघतं. मालिकेच्या वेगाने तेवढ्याच वेळात २० सेकंदांच्या पुढे जावं लागतं. आधी ब्लॉकिंग, म्हणजे फक्त मुख्य पोझेस. मग स्प्लाइन: मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरतं, आणि सगळीकडे सारखाच गुळगुळीत वेग देतं. पात्र पाण्यात असल्यासारखं तरंगतं ते यामुळे. ते घालवायला ग्राफ एडिटरमध्ये एकेक कर्व्ह, म्हणजे हालचाल दाखवणारी आलेखाची रेषा, हाताने सुधारावा लागतो. पाऊल टेकतं त्या फ्रेमला कर्व्ह टोकदार हवा, कंबर त्यानंतर एक-दोन फ्रेमनी खाली, हात त्याच्याही मागून. मुदत अपुरी पडली की कात्री इथेच लागते. पडद्यावर पाय बघा: टेकलेलं पाऊल जमिनीवर सरकत असेल, तर पॉलिश, म्हणजे ही हाताने केलेली सुधारणा, झालेलीच नाही.

एक पोझ दोन फ्रेम धरणं मात्र दोष नाही. २०१८च्या ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये ते मुद्दाम केलंय, आणि काय सुंदर केलंय!

रिगिंग
रिग म्हणजे पात्र हलवण्यासाठी आत बसवलेला सांगाडा आणि नियंत्रणं. चेहऱ्याचे भाव आधी घडवलेल्या आकारांतून येतात. हसणं आणि तोंड उघडणं हे दोन आकार वेगवेगळे बरोबर असतात. एकत्र आले की गाल चुरगळतो. अशा प्रत्येक जोडीसाठी दुरुस्तीचा वेगळा आकार घडवावा लागतो. वेळ नसला की एकच चेहऱ्याचा रिग सगळ्या पात्रांना चढवतात आणि मोठं हसू टाळतात. ओठही बघा: प, ब, म या अक्षरांना ते निदान दोन फ्रेम पूर्ण मिटायला हवेत, तेही आवाजाच्या किंचित आधी.

लायटिंग
सॅम्पल (चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी मोजलेले प्रकाशकिरण) कमी ठेवून डीनॉइजरवर, म्हणजे त्यामुळे येणारे दाणेदार ठिपके पुसणाऱ्या सॉफ्टवेअरवर, भिस्त ठेवली, की बारीक केस आणि कापडाची वीण पुसली जाते. ठिपके कुठले आणि तपशील कुठला हे त्याला कळत नाही. आल्बेडो (पृष्ठभागाचा मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) यांचे पास, म्हणजे वेगळी काढलेली चित्रं, सोबत द्यावेत, शेजारच्या फ्रेमही द्याव्यात, नाहीतर चित्र लुकलुकतं.

स्टोरी
वरचं सगळं खरं, पण माझ्या मते मूळ दुखणं इथे आहे. आधी अख्खा चित्रपट रेखाचित्रं आणि तात्पुरत्या आवाजांवर जोडून बघायचा (ही जोडणी म्हणजे रील), मोडायचा, पुन्हा जोडायचा. नोव्हेंबर १९९३मध्ये ‘टॉय स्टोरी’ची रील इतकी फसली की काम थांबवून पटकथा नव्याने लिहावी लागली. रेखाचित्र बदलायला काही तास लागतात. ॲनिमेट होऊन रेंडर झालेला (अंतिम चित्र तयार झालेला) शॉट बदलायला कित्येक आठवडे. आता रील पक्की व्हायच्या आतच शॉट ॲनिमेटरांना वाटले जातात. नंतर गोष्टीतलं भोक सापडलं की ते संवादाने बुजवतात, कारण आवाज पुन्हा रेकॉर्ड करणं स्वस्त पडतं. पात्र पाठमोरं असताना किंवा चौकटीबाहेरून जी वाक्यं येतात, ती नीट ऐका. ‘आपल्याला सूर्यास्ताआधी पोचायलाच हवं!’ छापाचं स्पष्टीकरण तिथेच घुसवलेलं असतं. तोंड दिसत नसल्याने ओठ जुळवावे लागत नाहीत.