मदत हवी आहे: पेशींचा अभ्यास करायचा आहे, नागपुरात परवडणारी बी.एस्सी. कुठे करावी?

मानेवाड्याची आत्या

नमस्कार मंडळी. माझी भाची हिंगणघाटला असते. यंदा बारावी झाली, पीसीबी, स्टेट बोर्ड, 86 टक्के. नीटचा स्कोअर सरकारी मेडिकलपर्यंत जाणारा नाही आणि रिपीट करायला ती मुळीच तयार नाही. तिला पेशींचाच अभ्यास करायचा आहे. पेशीचं विभाजन कसं होतं, ते बिघडलं की कॅन्सर कसा होतो, यावर ती तासन् तास बोलते. घरात कोणाला त्यातलं अर्धंही कळत नाही, पण पोरीची ओढ खरी आहे.

भावाची कापसाची शेती, दुसरं उत्पन्न नाही. फी, पुस्तकं, येणं-जाणं धरून वर्षाला 30 हजारांच्या वर त्याला झेपणार नाही. पोरगी माझ्याकडे राहील, त्यामुळे होस्टेल-मेसचा खर्च नाही.

मागच्या आठवड्यात एका खासगी विद्यापीठाचे कौन्सेलर भावाच्या घरी येऊन गेले. 'बी.एस्सी. सेल अँड मॉलिक्युलर बायोलॉजी' असा थेट कोर्स आहे म्हणाले, फी वर्षाला एक लाख चाळीस हजार. नागपूरच्या कॉलेजांत नुसतं झूलॉजी-बॉटनी शिकवतात, त्याला स्कोप नाही, असं त्यांचं म्हणणं. वर, सरकारने मुलींची फी माफ केली आहे तेव्हा पैसे परत येतील, असंही सांगितलं. सीट लवकर बुक करायची आहे. भाऊ एक एकर गहाण टाकायच्या गोष्टी करून राहिला आहे आणि मला काळजीने झोप लागत नाही.

डिग्रीवर 'सेल बायोलॉजी' लिहिलेलं नसलं तर तिला पुढे खरंच अडचण येईल का? आणि इथल्या कॉलेजांत काय पाहून प्रवेश घ्यावा? जाणकारांनी कृपया सांगा.

सूक्ष्मदर्शी

ताई, आधी भावाला जमिनीचा विषय थांबवायला सांगा. मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे बी.एस्सी.ला पेशी-जीवशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच असतं. झूलॉजी, बॉटनी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक या सगळ्यांत त्याचे पेपर असतात. पेशींवर काम करणाऱ्या देशातल्या नावाजलेल्या संस्था म्हणजे हैदराबादची सीसीएमबी, पुण्याची एनसीसीएस, खारघरचं अॅक्ट्रेक. तिथे पीएचडी करणाऱ्यांत या सगळ्या शाखांची मुलं भेटतात. नेट-जेआरएफसारखी (संशोधन फेलोशिपची राष्ट्रीय) परीक्षा आणि मुलाखत यांवर निवड होते. मुलाखतीत विचारतात ते प्रयोग कसा आखशील, कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) काय ठेवशील. डिग्रीच्या नावावर कोणी अडवत नाही.

फीचं म्हणाल तर 'अनुदानित की विनाअनुदानित' हा पहिला प्रश्न. एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर, रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्र हा गट अनुदानित असतो आणि शेजारचा बायोटेकचा गट विनाअनुदानित. अनुदानित गटाला सरकारचे पैसे मिळतात म्हणून तिथली फी कमी, दोन्हींत मोठा फरक पडतो. म्हणून कॉलेजची फी किती, असं मोघम विचारू नका. ऑफिसात विषयगट सांगून फी विचारा, लॅब फी आणि परीक्षा फी धरून.

नंतर लॅब पाहा, आणि हे भाचीला घेऊनच करा. बॅचमध्ये किती मुलं आणि चालू मायक्रोस्कोप किती, हे मोजायला सांगा. पेशी-विभाजनाचं प्रॅक्टिकल कांद्याच्या मुळाच्या टोकावर करतात. टोक कापून अॅसिटिक अल्कोहोलमध्ये घालायचं, सौम्य आम्लात जरा गरम करायचं, अॅसिटोकार्मिनने रंगवायचं, मग कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने अलगद दाबायचं. दाब कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, जास्त झाला तर गुणसूत्रांचा चेंदामेंदा. हात बसायला पाच-सात स्लाइड वाया जातात. ही स्लाइड प्रत्येक मूल स्वतः करतं की सर एकदा दाखवतात आणि मुलं जर्नलमध्ये चित्र काढतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात.

प्राण्यांच्या पेशी वाढवायची सोय मात्र बी.एस्सी.च्या पातळीवर फारशी कुठे नसते. त्याला कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर लागतो, पेशींना खाऊ घालायला वासराच्या गर्भाचं महागडं सीरम लागतं, पेशी जपून ठेवायला द्रव नायट्रोजन लागतो. खासगी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात अशा लॅबचा फोटो असेल, तर पदवीच्या मुलांना तिथे आठवड्याला किती तास मिळतात ते लेखी मागा. वनस्पतींचं ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) त्यामानाने पुष्कळ स्वस्त पडतं. अगार, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) आणि लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचं टेबल) एवढ्यावर बरंच काम होतं, आणि निर्जंतुक हाताने काम करायची सवय तिथेही तशीच लागते.

कॅम्पसवाला

नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोड कॅम्पसला एम.एस्सी. करतो. सूक्ष्मदर्शी मॅडमनी मुख्य सांगितलंच आहे, मी ठिकाणं सांगतो.

स्वस्तात स्वस्त पाहायचं तर सिव्हिल लाइन्सची शासकीय विज्ञान संस्था. 1906 पासूनची सरकारी संस्था, तिथे पहिला अर्ज टाका. मानेवाड्याहून सोयीचं म्हणाल तर काँग्रेस नगरचं शिवाजी सायन्स आणि सक्करदऱ्याकडचं मोहता सायन्स. धरमपेठ सायन्स, हिस्लॉप, आणि फक्त मुलींचं चालत असेल तर एल.ए.डी. हीसुद्धा यादीत घ्या. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची 'स्टार कॉलेज' योजना आहे, ती खास पदवीच्या प्रॅक्टिकलसाठी उपकरणं घ्यायला पैसे देते. ती आपल्या विभागाला मिळाली होती का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा.

आता एक गोष्ट, जी फॉर्म भरताना कोणी सांगत नाही. केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला 80 हजारांपर्यंत जाते. ती बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यातल्या मुलांना, मूलभूत विज्ञान घेतलं तर मिळते. झूलॉजी, बॉटनी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी हे विषय तिच्या यादीत आहेत, बायोटेक्नॉलॉजी नाही. कट-ऑफ दरवर्षी बदलतो, तेव्हा 86 टक्के त्यात बसतात का ते पोर्टलवर नक्की पाहा. बसत असतील तर विषय निवडताना हे डोक्यात ठेवा.

खरा खर्च एम.एस्सी.साठी राखून ठेवा, असं माझं स्पष्ट मत. गॅट-बी नावाची परीक्षा आहे, तिच्यातून देशभरातल्या विद्यापीठांत बायोटेकच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं. झूलॉजी, बॉटनीची मुलं ती देतात. आयआयटी-जॅमचा बायोटेक पेपर आणि सीयूईटी-पीजी हे आणखी दोन रस्ते.

सुट्ट्याही वाया घालवू नका. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप दोन महिन्यांची असते, अर्ज काही महिने आधीच निघतात. आणि आपल्या शहरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे. कापूसवाल्याची पोरगी कापसाच्या पेशींवर प्रोजेक्ट करायला गेली तर मला तरी फार आवडेल.

ऑफिस खिडकी

मी एका कॉलेजात शिष्यवृत्तीचे फॉर्म तपासतो. फी माफीचं जे सांगितलं गेलं त्यावर विसंबू नका. 2024-25 पासून मुलींना जी संपूर्ण फी माफी मिळाली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. एक लाख चाळीस हजारांतला एक रुपयाही त्या योजनेतून परत येणार नाही.

अनुदानित कॉलेजात साध्या बी.एस्सी.लासुद्धा महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) प्रवर्गानुसार योजना आहेत. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्ग असेल तर नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढायला टाका. अॅडमिशनच्या दिवसांत सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही पाहा, दरवर्षी कितीतरी मुलांचे पैसे नुसते तेवढ्यासाठी अडकतात.

मानेवाड्याची आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं भावाला फोनवर वाचून दाखवलं. सीट बुक करत नाही म्हणाला. भाचीला घेऊन दोन कॉलेजं पाहून आले. एका ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या मुलीने स्वतःची स्लाइड लावून दाखवली, आमची पोरगी मायक्रोस्कोपवरून उठेना. तिथला रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्र गट अनुदानित आहे आणि फी आमच्या आवाक्यात बसते.

तिचे दोन प्रश्न आहेत. तीन वर्षं करावीत की आता चार वर्षांची ऑनर्स आली आहे ती? आणि अकरावीपासून गणित नाही, त्याने पुढे अडेल का?

सूक्ष्मदर्शी

ताई, बरं वाटलं वाचून. चार वर्षांचा निर्णय आज घ्यायची गरज नाही, तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर एम.एस्सी. एका वर्षाची होते, आणि 75 टक्के असले तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. पण चौथ्या वर्षी त्या कॉलेजात संशोधन करवून घेणारे मार्गदर्शक आहेत का, हे तेव्हा पाहून ठरवा. नसले तर तीन वर्षांनी चांगल्या विद्यापीठात जाणं बरं.

गणिताने बी.एस्सी. अडणार नाही. जॅमच्या बायोटेक पेपरात मात्र बारावीच्या पातळीचं गणित आणि भौतिक येतं, आणि पेशींवरचं आजचं संशोधन संख्याशास्त्राशिवाय होत नाही. तेव्हा पहिल्या वर्षाच्या दिवाळीत तिला बोर्डाची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आणून द्या. बालभारतीच्या साइटवर ती फुकट उतरवून घेता येतात. लॉगॅरिदम, संभाव्यता आणि आलेख यांपासून सुरुवात करू दे. अडलं तर इथेच विचारा, मी सोडवून देईन.