सायन्सवाल्यांनी ओई (ओपन इलेक्टिव्ह) म्हणून इतिहास-तत्त्वज्ञान घ्यावं की सोपा विषय घेऊन मोकळं व्हावं?

मायक्रोवाली_मिरज
ॲडमिशनं सुरू झाली की आमच्या ग्रुपवर ज्युनियर्सचा एकच प्रश्न, सगळ्यात सोपा ओई कुठला? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एनईपीत, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणात, ओपन इलेक्टिव्ह आपल्या फॅकल्टीबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे बीएस्सीवाल्यांना आर्ट्स नाहीतर कॉमर्सकडे जावंच लागतं. माझं स्पष्ट मत आहे की जायचंच आहे तर इतिहास, समाजशास्त्र, तर्कशास्त्र असं काहीतरी भरभक्कम घ्या, व्यक्तिमत्त्व विकास छापाचं काहीतरी घेऊन नुसते क्रेडिट पदरात पाडून घेऊ नका.

मी आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास घेतला होता. मायक्रोबायोलॉजीच्या पुस्तकात प्लेग म्हणजे यर्सिनिया पेस्टिस हा जंतू, ग्रॅम निगेटिव्ह, स्लाइडवर सेफ्टी पिनसारखा दिसतो, झालं. इतिहासाच्या तासाला कळलं की १८९७ च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस बनवून आधी स्वतःलाच टोचून घेतली, आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेग कमिशनर रँडचे सोल्जर घराघरात घुसून बायकांचीसुद्धा तपासणी करत होते, सामान जाळत होते, मग लोक पेशंट लपवायला लागले. सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना गेल्या. साथरोग कायदा पण १८९७ चाच, तोच २०२० ला कोरोनात लावला. साथ आटोक्यात येते की नाही हे लोकांचा सरकारवर किती विश्वास आहे त्यावर पण ठरतं, आणि हे आम्हाला मायक्रोत कोणी शिकवलं नाही.

जॅमची_तयारी
ऐकायला छान वाटतं ताई, पण आमचं प्रॅक्टिकल संपतं पाचला, त्यात जॅमचा (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास, त्यात ओजेटी (कामाच्या जागी ट्रेनिंग) आणि फील्ड प्रोजेक्ट वेगळंच. एवढ्या सगळ्यात ओईला वेळ कुठून आणायचा? सोपा विषय घेणारा पोरगा आळशी नसतो, तो त्याचा वेळ मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला देत असतो. आणि सीजीपीए (पूर्ण डिग्रीची ग्रेडची सरासरी) पडला की भोगायचं आपणच.

मायक्रोवाली_मिरज
सीजीपीएचं गणित करून बघ ना. २२ क्रेडिटचं सेम धर, २ क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड पॉइंट कमी मिळाला तर त्या सेमची सरासरी, म्हणजे एसजीपीए, ०.०९ ने खाली येतो. पूर्ण डिग्रीच्या १३२ क्रेडिटवर तो फरक ०.०१५ सुद्धा जेमतेम. एवढ्यासाठी घाबरायचं?

जॅमची_तयारी
ग्रेड कमी येण्याची भीती नाहीये, केटीची आहे, म्हणजे नापास होऊन पेपर परत द्यावा लागण्याची. अकरावी-बारावी नुसते एमसीक्यू सोडवलेत आम्ही, दीड-दोन पानी उत्तर लिहायची सवयच गेलीय. मेजर क्लियर आणि ओईत केटी, असं झालेलं पोरगं माझ्या रूमवर आहे, त्याला विचार सोपा विषय का हवा ते.

डोंबिवली_फास्ट
अरे पण निवडायला मिळतंय कुणाला! जीआरमध्ये बास्केट, म्हणजे निवडायला विषयांची यादी, लिहिलंय, आमच्या कॉलेजात लिंक उघडली तेव्हा दोनच विषय होते, त्यातला एक दहा मिनिटांत फुल्ल. उरलेला तो माझा ओई. एका हॉलमध्ये शंभरावर पोरं, मागे माईकचा आवाज पण पोचत नाही. आधी शिक्षक भरा, मग आमच्या आवडीनिवडीवर बोलू.

इतिहास_शिकवते
मी सीनियर कॉलेजला इतिहास शिकवते म्हणून थोडं आतलं सांगते. डोंबिवलीचं म्हणणं खरं आहे, जागा भरल्या जात नाहीत आणि अर्ध्या ठिकाणचं काम तासिका तत्त्वावरच्या माणसांवर चाललंय. आर्ट्सच्या विभागांचा वर्कलोड आता बऱ्याच अंशी ओईवर टिकून आहे, त्यामुळे पोरं यावीत म्हणून विषयाला गोड नाव द्यायचं आणि सिलॅबस पातळ करायचा हे सर्रास होतं. याचा मला मनापासून राग येतो. २ क्रेडिट म्हणजे ३० तास, त्यात फार काही होत नाही पण एक गोष्ट नीट होते. मी पोरांना मोडीचे जुने कागद वाचायला देते. पहिले काही तास नुसती अक्षरं लागत नाहीत म्हणून वैतागतात, मग एखाद्याला 'राजश्री' लागतं, मग तारीख, मग कोणाच्या शेताची हद्द कुठवर ते. सायन्सची पोरं यात आर्ट्सच्या पोरांपेक्षा जास्त चिकाटीने बसतात हे मी दरवर्षी बघते. आणि जॅमवाल्या दादा, मोठ्या उत्तरांची सवय गेलीय म्हणतोस, तर ती परत लागायला ओईपेक्षा स्वस्तातली जागा तुला पुढे मिळणार नाही. एमएस्सीला डेझर्टेशन आहेच.

जॅमची_तयारी
मॅडम, तुमच्यासारखं शिकवणारं कोणी असेल तर मी पण घेईन. पण सक्तीने दिलेल्या विषयात असं किती ठिकाणी होतं? मला वाटतं ओई ठेवा, फक्त त्याला ग्रेड नको, पास-नापास ठेवा. मग पोरं बिनधास्त अवघड विषय घेतील.

इतिहास_शिकवते
नुसतं पास-नापास केलंत तर वर्गात कोणी येणारच नाही रे, तीस तासांतले दहा पण नाही. ग्रेड राहू दे, इंटर्नलला जास्त वजन द्या आणि तिथे लिहून घ्या पोरांकडून.

डोंबिवली_फास्ट
इंटर्नल वाढवलं की झेरॉक्सवाल्याकडे तयार असाइनमेंट मिळतात मॅडम, आमच्याकडे आत्ताच मिळतायत.

मायक्रोवाली_मिरज
ज्यांची लिंक अजून उघडायची आहे त्यांनी नावावर जाऊ नका, विद्यापीठाच्या साइटवरून सिलॅबसची पीडीएफ काढून युनिट वाचा, आणि त्या विषयाला कोण शिकवतं ते सिनियर्सना विचारा. आमच्या विद्यापीठात आर्ट्सचा पेपर मराठीतून लिहिता येतो, मी तसाच लिहिला, केटीची भीती असणाऱ्यांनी आपल्याकडे तशी सोय आहे का ते ऑफिसात आधीच विचारून घ्या.